धोट्याला बांधलेली किल्ली

"घटनेच्या वेळी गाळ्याचे शटर बाहेरून कुलूपबंद नव्हते. शटरची किल्ली पर्यवेक्षकांच्या केबिनमध्ये तिच्या नेहमीच्या खिळ्यावर टांगलेली होती व पर्यवेक्षक आवारात हजर होते. मयत कामगाराने शटर आतून स्वतःच बंद करून घेतल्यामुळे त्यास वेळेत बाहेर पडता आले नाही, ही बाब समिती खेदपूर्वक नमूद करते."

नीलपर्णी लॉजिस्टिक्स या कंपनीच्या अंतर्गत चौकशी समितीचा हा निष्कर्ष. समितीवर कंपनीचे अधिकारी होते, कंपनीचे विधी सल्लागार होते आणि कंपनीनेच नेमलेले एक स्वतंत्र तज्ज्ञ होते. 'स्वतंत्र' हा शब्द समितीचा आहे.

'खेदपूर्वक'पासून सुरुवात करणे न्याय्य ठरेल, कारण त्या परिच्छेदात खोटी ठरवता येणार नाही अशी तेवढीच एक गोष्ट आहे. बाकीच्या तपासता येतात. अंजूरच्या शिवारात दोन गोदामांच्या मधल्या पट्टीत अजून कोणीतरी भात लावतो. त्या पट्टीच्या पलीकडे नीलपर्णीचे एकसारखे गाळे रांगेने उभे आहेत. जळालेल्या गाळ्याच्या शेजारचा गाळा आम्ही पाहिला. शटरला बाहेरून, जमिनीलगत, दोन्ही बाजूंना कुलपासाठी कोयंडे आहेत. आतून काहीही नाही. ते आतून खाली ओढता येते, आतून लावता येत नाही. आणि जो ते खाली ओढू शकतो तो ते वरही ढकलू शकतो. हे कळण्यासाठी तज्ज्ञ स्वतंत्र असण्याची गरज नव्हती, त्याने फक्त वाकून पाहायला हवे होते.

कुलपाविषयी समितीचे म्हणणे असे की ते लावलेलेच नव्हते. मात्र ते कुठे सापडलेही नाही, कारण ते 'उष्णतेने वितळले असावे'. ज्या आगीतून पुठ्ठ्याच्या खोक्यांची एक थप्पी नुसती काळवंडून वाचली (समितीच्याच छायाचित्रात ती उभी आहे), त्या आगीत पोलादी कुलूप वितळले. पदार्थविज्ञानाने याची नोंद घ्यावी.

राहिली किल्ली. तिच्याकडे वळण्यापूर्वी तिच्यामुळे कोण मेले ते सांगितले पाहिजे.

मनोज मुरबाडकडचा. त्या गाळ्यात तो ग्राहकांनी परत पाठवलेल्या पार्सलांची फेरबांधणी करत असे. आग लागली त्या एप्रिलमधल्या संध्याकाळी दुसऱ्या पाळीला तो एकटाच आत होता. कामावर येताना मोबाइल केबिनमध्ये जमा करण्याचा नियम होता; तरीही आग लागल्यावर त्याने कोणाला फोन केला नाही हे समितीने त्याच्या निष्काळजीपणाच्या पुराव्यात का धरले नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

त्याची आई बायजाबाई आमच्या नागरी चौकशी गटाच्या कार्यालयात आल्या तेव्हा खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. त्यांचा नवरा मोरू बाहेरच थांबला होता. अहवाल त्यांना कोणीतरी वाचून दाखवला होता.

"पोरगा गेला, तो काय आता येत न्हाय," त्या म्हणाल्या. "पन गावात बाया इचारतात, तुझा पोर शटर लावून आत काय करत व्हता? दारू पीत व्हता का? ह्यांनी गावात बसाया जायचंच सोडलं. मला बाकी काय नको, ताई. शटर कोनी लावलं, येवढंच मला सांगा."

'ताई' म्हणजे नेत्रा. आमच्या गटात ती कॉम्प्युटर व्हिजनचे काम करते. म्हणजे चित्रांत आणि व्हिडिओंत एखादी वस्तू शोधायला यंत्राला शिकवते. जगात ठिकठिकाणी मानवी हक्कांचे तपास आता असे चालतात: हजारो तासांचे चित्रण माणसाच्या डोळ्यांनी पाहून होत नाही, तेव्हा यंत्र त्यातून संशयास्पद चौकटी, म्हणजे चित्रणातली सुटी चित्रे, बाजूला काढते आणि मग माणूस त्या पाहतो. नेत्राने बायजाबाईंना कोणतेही आश्वासन दिले नाही. "शोधते, मावशी," एवढेच म्हणाली.

आता किल्ली. समितीने अहवालात खिळ्यावरच्या किल्लीचे छायाचित्र छापले आहे, पुरावा म्हणून. किल्ली एका जुन्या धोट्याला बांधलेली आहे. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा, होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेला लाकडी तुकडा. भिवंडीत माग बंद पडत गेले आणि धोटे उरले. आता अनेक गोदामांत किल्ल्या त्यांना बांधतात. कारण साधे आहे. हातभर लाकूड कोणी विसरून खिशात घालून घरी नेऊ शकत नाही. ज्याच्याकडे किल्ली, त्याच्या हातात धोटा दिसणारच.

समितीचा सगळा डोलारा त्या खिळ्यावर टांगलेला होता. आग लागली तेव्हा धोटा खिळ्यावर असेल, तर समिती खरी. तो दुसरीकडे कुठे असेल, तर मनोजला कोणीतरी कोंडले होते.

कंपनीचे कॅमेरे जळाले होते. (ते वितळले नाहीत, फक्त जळाले, अहवाल याबाबतीत काटेकोर आहे.) पण कंपनी एक गोष्ट विसरली. त्याच संध्याकाळी, मधल्या पट्टीच्या अलीकडे, पंढरी आणि कमळा यांच्या घरी त्यांच्या मुलीची, उन्नतीची हळद होती. आणि या भागात हळदीला मंडपात जितकी माणसे असतात तितकेच कॅमेरे असतात. वर ड्रोन, खाली व्हिडिओवाले, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल.

आम्ही त्या घरी गेलो. पंढरीशेठच्याच जमिनीवर नीलपर्णीचे गाळे उभे आहेत, त्यामुळे स्वागत जेमतेम झाले.

"च्या घ्या आणि निघा, पाव्हने," ते म्हणाले. "आमच्या पोरीच्या हळदीत तुमाला काय गावनार?"

कमळाबाई मात्र चहाचा कप पुढे करून तिथेच उभ्या राहिल्या. गोदामाचा पर्यवेक्षक मितेश त्यांचा भाचा, थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ वारलेला. हे त्यांनीच सांगितले, आम्ही विचारण्याआधी.

"तो हळदीला आला होता का?" मी विचारले.

"मी माझ्या भावाच्या पोराच्या इरुद्ध तोंड उघडनार न्हाय," त्या म्हणाल्या. मग कप माझ्या हातात देत: "व्हिडिओ मागितलात तर देईन. सगल्यांचे मोबाइल गोला करून देईन. त्यात काय हाय ते तुमी बघा. बघनं आनि बोलनं येगलं."

"कमळे," पंढरीशेठ म्हणाले.

"तुमी गप ऱ्हावा. आग लागली तवा तुमी पन नाचत व्हतात."

पंढरीशेठनी कप खाली ठेवला आणि ते उठून गोठ्याकडे गेले. त्यानंतर त्यांनी आम्हाला निघायला सांगितले नाही.

कमळाबाईंची एकच अट होती. "बायका नाचल्यात त्यात. ते कोर्टात लावनार काय?"

नेत्राने शब्द दिला की मंडपातली धोटा नसलेली एकही चौकट गटाबाहेर कोणी पाहणार नाही, आणि असलेल्या चौकटीत इतरांचे चेहरे पुसलेले असतील. तिने तो पाळला. चेहरे ओळखणारे तयार यंत्र वापरा, काम चुटकीसरशी होईल, असे एका हितचिंतकाने सुचवले होते. नेत्राने नकार दिला. एक तर हळदीत घरचे सगळे एकाच कापडाचे शर्ट घालतात आणि सगळ्यांची तोंडे पिवळी असतात. अशा गर्दीतून यंत्र ज्याला मितेश म्हणेल तो मितेश असेलच असे नाही, आणि चुकीच्या माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त करण्याचे काम समितीने आधीच एकदा केले होते. दुसरे म्हणजे ज्यांच्यावर कसलाही आरोप नाही अशा शेकडो माणसांचे चेहरे यंत्राला चारायचे नाहीत, हा तिचा नियम. ती माणूस शोधत नव्हती. ती लाकडाचा एक तुकडा शोधत होती.

पण यंत्राला वस्तू शिकवायला तिची हजारो चित्रे लागतात, आणि या धोट्याचे चित्र जगात एकच होते, तेही समितीच्या अहवालात. म्हणून नेत्रा भिवंडीतल्या निजामपुऱ्यात गेली. एका गल्लीत अर्धे माग चालू होते, अर्धे विक्रीला काढलेले. भंगारवाल्यापुढे धोट्यांचा ढीग होता.

"लूम लगाना है क्या, मॅडम?"

"नहीं चाचा, फोटो निकालना है. इसका."

"इसका?" चाचांनी धोटा उलटसुलट करून पाहिला. "हमारा निकालो. हम भी पुराना माल हैं, और हम तो हँसते भी हैं."

तिने दोघांचेही फोटो काढले. मग धोट्यांची त्रिमितीय प्रतिकृती केली आणि तिच्यापासून संगणकावर कृत्रिम चित्रे तयार केली: मुठीतला धोटा, कमरेला खोचलेला, बगलेत धरलेला, मंडपाच्या लाल-निळ्या दिव्यांखालचा, अर्धवट झाकलेला, हलल्यामुळे पुसट झालेला. या चित्रांवर यंत्र शिकले. मग त्याला हळद दाखवली.

यंत्राला पानातले केळे धोटा वाटले. ताटातला तळलेला मासा धोटा वाटला. स्वागताच्या फलकावर छापलेली होडी, वादकाच्या हातातली टिपरी, एका लहान मुलीच्या केसांतली पिन, सगळे धोटे. डीजेच्या मंचावरच्या धुराच्या मशीनमधून सोडलेला पांढरा धूर मध्ये आला की तर काहीच दिसत नसे. तरीही मी हे नमूद करतो की समितीपेक्षा हे यंत्र अधिक प्रामाणिक होते. प्रत्येक उत्तरासोबत आपल्याला त्याची कितपत खात्री आहे, हे ते सांगत असे. केळ्याबद्दल त्याला स्वतःलाच शंका होती.

खरा धोटा मात्र कुठेही नव्हता. बायजाबाई अधूनमधून फोन करत. "सापडलं काय, ताई?" नेत्रा नाही म्हणे. "बरं," त्या म्हणत, आणि फोन ठेवत. एकदा म्हणाल्या, "नसलं सापडत तर तसं सांगा हा. मी वाट बघत बसते."

राहिलेले काही मोबाइल घ्यायला नेत्रा पुन्हा अंजूरला गेली. कमळाबाईंच्या आतल्या खोलीत लोखंडी कपाटाच्या दारावर एक पिवळट पंजा उमटलेला होता.

"उन्नतीचा," कमळाबाई म्हणाल्या. "हलद लावून कपाट उघडाया आलेली. किती घासलं, जात न्हाय. ऱ्हाऊ दे बोलले. पोर गेली सासरी, हात ऱ्हायला."

नेत्रा त्या पंजाकडे पाहत राहिली. मग तिने पिशवीतून अहवाल काढला आणि छायाचित्राचे पान उघडले. खिळ्यावरचा धोटा. त्याच्या मधल्या भागावर, मूठ जिथे बसते तिथे, तसाच पिवळटपणा होता. फोटोखाली समितीने लिहिले होते: 'धुळीचे किंचित डाग'.

आम्ही सगळ्यांनी ते छायाचित्र अनेकदा पाहिले होते. आम्हालाही ती धूळच वाटली होती. निजामपुऱ्यातला धोटा तपकिरी, तेलकट, स्वच्छ होता, आणि आम्ही यंत्राला तोच शिकवला होता. हळदीत कोणतीही गोष्ट आपल्या मूळ रंगाची राहत नाही, हे आम्ही माणसांच्या चेहऱ्यांबाबत मान्य केले होते. लाकडाबाबत केले नव्हते.

नेत्राने वाटेत हळद घेतली. तेलात कालवून विकत आणलेल्या धोट्यांना फासली, ती वाळू दिली, तिच्यावर बोटांचे ठसे उमटवले, पुन्हा फोटो काढले, पुन्हा चित्रे घडवली. यंत्र दुसऱ्यांदा शिकले. आणि या वेळी पहिल्याच फेरीत, उन्नतीच्या मैत्रिणीच्या मोबाइलमधल्या चित्रणात, ते एका चौकटीवर थांबले.

मंडपाच्या मधोमध नाचणाऱ्यांचे कोंडाळे. त्यात एक तरुण, इतरांसारखाच छापील शर्ट, इतरांसारखेच पिवळे तोंड. उजवा हात उंच, आणि हातात धोटा. त्याला तो खिशात घालता येत नव्हता, कमरेला खोचला तर नाचता येत नव्हते, आणि खुर्चीवर ठेवला तर पोरे पळवतील, म्हणून वर धरलेला. मागून कोणीतरी ओरडतो, "काय मितेश, इथं पन लूम चालू केलास काय?" आणि सगळे हसतात. तोही हसतो. त्याचे नाव आम्ही ठरवलेले नाही. त्याच्या गावाने घेतले आहे.

याच वेळी मंडपाच्या दाराशी शोभेच्या ठिणग्यांची कारंजी पेटली. ती मोबाइलच्या चित्रणात आहेत आणि वरून फिरणाऱ्या ड्रोनच्या चित्रणातही. दोन्ही चित्रणे त्या क्षणावर जुळवली की एकाच वेळी दोन गोष्टी दिसतात. खाली, हातात धोटा. आणि वर, पट्टीच्या पलीकडे, पूर्ण खाली ओढलेले शटर, आणि गाळ्याच्या हवेच्या झरोक्यातून निघू लागलेला धूर. त्या आवाजात शटरवर आतून कोणी हात आपटले असते, तरी कोणाला ऐकू गेले नसते. हे अनुमान माझे आहे, यंत्राचे नाही. चौकटीबाहेरचे ते काही सांगत नाही.

आम्ही कंपनीला लिहिण्याआधी कमळाबाईंना कळवले. तसे ठरले होते. त्यांनी फोनवर फक्त "हं" केले. मग म्हणाल्या, "त्याच्या आईला घेऊन या. मनोजच्या. मी मितेशला बोलावते."

म्हणून एका दुपारी आम्ही त्यांच्या ओटीवर बसलो. बायजाबाई भिंतीला टेकून, पदर घट्ट ओढून. मितेश आला, चपला काढल्या, आत्याच्या पाया पडला, आणि मग त्याला आम्ही दिसलो. पंचविशीतला असावा. ही बाई कोण, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, पण तो तिच्याकडे एकदाच पाहून लगेच दुसरीकडे पाहू लागला.

मी त्याला सांगितले की आमच्याकडे एक चित्रण आहे, ते पाहायचे की नाही हे तो ठरवू शकतो. तो जे बोलेल ते त्याची परवानगी असेल तरच नोंदवले जाईल. ते त्याच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते. आणि वकिलाशी बोलेपर्यंत गप्प राहण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. मनोजला यातला एकही अधिकार कोणी दिला नव्हता, म्हणून तो मितेशलाही नाकारावा असे मला वाटत नाही. न्यायाचा हिशेब तसा करत नाहीत.

"दाखवा," तो म्हणाला.

नेत्राने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. इतर सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तिने करडे गोल ठेवले होते. त्या करड्या गर्दीत एकटा तोच चेहरा असलेला, पिवळा, हसणारा. त्याने ते शेवटपर्यंत पाहिले. ड्रोनचे चित्र आले तेव्हा त्याने बोट पुढे केले, झरोक्याच्या दिशेने, पण पडद्याला लावले नाही.

"पुन्हा लावू?" नेत्राने विचारले.

"नको."

"पानी घे," कमळाबाई म्हणाल्या.

"नको आत्या."

"घे बोलले ना. फोन मी केलेले तुला. शंभरदा केले. तुझ्या बापाच्या जागी दुसरा कोन व्हता मला?"

त्याने तांब्या घेतला, पण प्याला नाही. मग बायजाबाईंनी पदर सोडला आणि त्याच्याकडे पाहिले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असायला हवा होता, असे मला त्या क्षणी वाटले, आणि मग वाटले की तो माझ्याकडे पुरेसा आहे.

"बाला," त्या म्हणाल्या, "शटर कोनी लावलं, येवढंच सांग मला."

मितेशने नेत्राकडे वळून मान हलवली. तिने रेकॉर्डर चालू केला. पुढे त्याने हेच शब्द वकिलासोबत जाऊन, शपथेवर, दंडाधिकाऱ्यांसमोर पुन्हा सांगितले, आणि समितीच्या अहवालाला आता एवढेच उत्तर जोडलेले आहे. मी त्यात काहीही घातलेले नाही, काहीही काढलेले नाही:

"कुलूप मी लावलं, काकी. भायेरून. मनोजनं काय पन लावलं न्हाय, त्या शटरला आतून लावाया काय न्हायच. आत्याचा फोन येत व्हता, मामाकडचं मानूस आल्याबिगर हलद लागत न्हाय, सगली खोलंबलीत. आमचे बाबा असते तर ते गेले असते. मी मनोजला बोललो, हलद लावून लगेच येतो. तो बोलला, जा ना दादा, माझ्या वाटनीची पन लाव. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी पयल्याच दिवशी सांगून ठेवलेलं, जागा सोडायची तर कुलूप पायजे, उघडं ठेवलं तर माल जातो, बंद ठेवलं तर मानूस कुठं जातो. आग इझल्यावर तेच बोलले, कुलूप आमच्याकडं दे, किल्ली खिल्याला लाव आनि गप ऱ्हा, बाकी आमी लिवतो. मी गप ऱ्हायलो. धूर सगल्यांच्या आधी मी बघितला, काकी. नाचताना बघितला. मला वाटलं, डीजेवाल्याचा हाय."